ज्यांची तक्रार येत नाही

अमेरिकेच्या वायव्य टोकाला असलेल्या सिएटल शहराला एका आदिवासी प्रमुखाचं नाव आहे. दुवामिश आणि सुक्वामिश लोकांचा हा प्रमुख. गोरे वसाहतवाले तिथे उतरले तेव्हा त्याने त्यांच्याशी सलोखा ठेवला, त्यांना मदत केली आणि त्यांनी आपल्या वस्तीला त्याचं नाव दिलं. 1865 मध्ये या वस्तीला नगराचा दर्जा मिळाला. नव्या कारभाऱ्यांनी अगदी सुरुवातीला जे कायदे केले, त्यांतल्या क्रमांक 5च्या कायद्याने आदिवासींना नगराच्या हद्दीत राहायला मनाई केली. ज्याचं नाव नगराने घेतलं तो प्रमुख तेव्हा हयात होता.

या कायद्यात एक सवलत होती. गोऱ्या मालकाने कामावर ठेवलेल्या आणि स्वतः जागा दिलेल्या आदिवासीला ही मनाई लागू नव्हती. म्हणजे राबायला चालतील, राहायला नाही. पुढची शंभर वर्षं सिएटलमध्ये वेगवेगळ्या लोकांना हाच न्याय मिळत गेला. 1886 मध्ये जमावाने चिनी मजुरांना घरांतून ओढून बंदरावर नेलं आणि जहाजात चढवलं. 1942 मध्ये युद्धाच्या नावाखाली शहरातल्या जपानी वंशाच्या हजारो लोकांना छावण्यांमध्ये पाठवलं गेलं. त्यांतली बरीच मंडळी अमेरिकेतच जन्मलेली, अमेरिकेचे नागरिक होती. आणि कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या कायद्याची गरजच पडली नाही. कायद्याचं ते काम घरांच्या खरेदीखतांनी केलं.

ही खरेदीखतं वाचण्यासारखी आहेत. 1920च्या दशकापासून सिएटलमधल्या अनेक वस्त्यांमध्ये जमीन विकताना करारात एक कलम घातलं जाई. ही मालमत्ता गोऱ्यांखेरीज कोणालाही विकता, भाड्याने देता किंवा वापरायला देता येणार नाही, असं त्या कलमात लिहिलेलं असे. कुठे ‘आफ्रिकी’, कुठे ‘आशियाई’, कुठे ‘ज्यू’ असे शब्द नेमकेपणाने येत. आणि बऱ्याच करारांमध्ये शेवटी एक अपवाद: घरकामाला ठेवलेला नोकर असेल तर चालेल. 1865 मधली ती सवलत साठ वर्षांनी वकिलांच्या भाषेत पुन्हा कागदावर आली होती. 1926 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा अटींमध्ये हस्तक्षेप करायला नकार दिला. त्यानंतर त्यांचं पेवच फुटलं. 1948 मध्ये त्याच न्यायालयाने अशा अटी न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत असं सांगितलं. पण अट कागदावर लिहू नका, असं कोणी सांगितलं नव्हतं. घरमालक, दलाल आणि बँका यांची आपसांतली समजूत तर कुठल्याच कागदाची मोहताज नव्हती.

या सगळ्याचा परिणाम नकाशावर दिसे. शहराच्या मध्याला लागून असलेल्या सेंट्रल डिस्ट्रिक्ट या भागात सिएटलमधले बहुसंख्य कृष्णवर्णीय एकवटले होते. 1930च्या दशकात केंद्र सरकारच्या गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले तेव्हा हा भाग लाल रंगात दाखवला. लाल म्हणजे कर्ज देण्यास धोकादायक. कर्ज नाही म्हणून डागडुजी नाही, डागडुजी नाही म्हणून घराला किंमत नाही, किंमत नाही म्हणून पुन्हा कर्ज नाही. दुसरीकडे घर घ्यायला जावं, तर दलाल घरं दाखवायलाच तयार नसत.

अशा शहरात 1963 च्या जुलैमध्ये मानवी हक्क आयोग स्थापन झाला. तो कोणा महापौराच्या उदारपणातून आला नाही. चर्चचे धर्मगुरू, नागरी हक्क संघटना आणि शाळा-कॉलेजातली मुलं बराच काळ रस्त्यावर उतरत होती. आयोगाची घोषणा झाली तेव्हासुद्धा सेंट्रल डिस्ट्रिक्टच्या तरुणांनी महापौरांच्या कार्यालयात ठिय्या दिला. बारा जणांच्या आयोगात कृष्णवर्णीय दोनच, असा त्यांचा आक्षेप होता. तो रास्त होता. ज्याच्यावर अन्याय होतो त्याच्याबद्दल विचार करायला समिती नेमायची आणि समितीत तोच अल्पसंख्य ठेवायचा, हा प्रकार आपल्याकडेही नवा नाही.

आयोगासमोरचं पहिलं मोठं काम होतं घरांच्या बाबतीत भेदभावाला बंदी घालणारा कायदा तयार करण्याचं. आयोगाने मसुदा केला. सिटी कौन्सिलने मात्र स्वतः निर्णय घेण्याऐवजी तो मतदारांवर सोपवला. बांधकाम आणि दलाली व्यवसायातल्या मंडळींनी विरोधात जोरदार प्रचार केला. आपलं घर कोणाला विकायचं हा मालकाचा हक्क आहे, हा कायदा म्हणजे सक्ती आहे, असं सांगितलं गेलं. 10 मार्च 1964 रोजी मतदान झालं. कायद्याच्या बाजूने 54,448 मतं पडली, विरोधात 1,15,627. सिएटल स्वतःला पुढारलेलं शहर समजत होतं. त्या शहराने दोनास एकपेक्षा मोठ्या फरकाने भेदभावाचा हक्क राखून ठेवला.

मूलभूत हक्क बहुसंख्यांच्या मताला टाकले की काय होतं, याचं इतकं स्पष्ट उदाहरण क्वचित सापडेल.

या कायद्यासाठी कौन्सिलमध्ये सर्वांत आधी झटलेला माणूस होता विंग ल्यूक. चीनमध्ये जन्मलेला, लहानपणी सिएटलला आलेला, घरच्या लाँड्री आणि किराणा दुकानाच्या व्यवसायात वाढलेला हा वकील 1962 मध्ये कौन्सिलवर निवडून आला. कौन्सिलवर पोहोचलेला तो पहिला आशियाई वंशाचा सदस्य. 1965 च्या मे महिन्यात विमान अपघातात तो गेला, तेव्हा त्याचं वय अवघं चाळीस होतं. त्याच्या नावाचं संग्रहालय आज सिएटलच्या चायनाटाउन भागात उभं आहे. त्याने हाती घेतलेलं काम सॅम स्मिथ यांनी पूर्ण केलं. 1967 मध्ये निवडून आलेले स्मिथ हे कौन्सिलचे पहिले कृष्णवर्णीय सदस्य. 4 एप्रिल 1968 रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, 11 एप्रिलला केंद्राने घरांबाबतचा कायदा केला आणि 19 एप्रिलला सिएटलच्या कौन्सिलने स्वतःचा कायदा एकमताने मंजूर केला. चार वर्षांपूर्वी जे शहराला नको होतं, ते एका हत्येनंतर पंधरा दिवसांत झालं.

पुढच्या वर्षी शहराने मानवी हक्कांसाठी वेगळं खातं सुरू केलं. आज ते काम नागरी हक्क कार्यालय करतं. पगारी तपास अधिकारी या कार्यालयात असतात. आयोगावर मात्र बिनपगारी काम करणारे नागरिक असतात. त्यांनी महापौरांना आणि कौन्सिलला सल्ला द्यायचा, लोकांचं म्हणणं ऐकायचं आणि तक्रारदाराची तक्रार कार्यालयाने फेटाळली तर त्यावरचं अपील ऐकायचं. कायद्यातली यादीही वाढत गेली. 1975 मध्ये लिंग, वैवाहिक स्थिती, लैंगिक कल आणि राजकीय विचारसरणी, पुढे वय, अपंगत्व, लैंगिक ओळख. 1978 मध्ये समलिंगी नागरिकांचं संरक्षण काढून घेण्यासाठी पुन्हा मतदान घडवून आणलं गेलं. या वेळी सिएटलच्या मतदारांनी तो प्रस्ताव मोठ्या फरकाने फेटाळला. चौदा वर्षांत शहर बदललं होतं.

पण कायद्याची एक मर्यादा हळूहळू लक्षात येऊ लागली. कायदा तक्रारीवर चालतो. तक्रार आली तर तपास, तपासात तथ्य निघालं तर तडजोड किंवा सुनावणी. आता घर भाड्याने पाहायला गेलेल्या माणसाला मालक हसून सांगतो, “अरेरे, कालच दिलं हो.” तो माणूस परत फिरतो. त्यानंतर तासाभराने आलेल्या गोऱ्या माणसाला तेच घर दाखवलं, हे त्याला कळणार कसं? त्याला अन्याय झाल्याचा पत्ताच नसतो, मग तक्रार कुठून येणार?

यावर सिएटलच्या कार्यालयाने स्वतःहून तपासणी करण्याचा मार्ग घेतला. दोन माणसं निवडायची, एक गोरा आणि एक कृष्णवर्णीय. दोघांची मिळकत, नोकरी, कुटुंब सारखं. दोघांनी एकाच इमारतीत, थोड्याशा अंतराने, भाड्याच्या घराची चौकशी करायची आणि बाहेर आल्यावर प्रत्येकाने जे घडलं ते नोंदवायचं. किती घरं दाखवली? भाडं किती सांगितलं? पहिल्या महिन्याच्या सवलतीचा उल्लेख केला का? पोलिस रेकॉर्ड तपासू, कर्जफेडीचा इतिहास तपासू, असं कोणाला सांगितलं? मग दोन्ही नोंदी शेजारी ठेवायच्या. कोणी शिवी दिलेली नसते, कोणी दार आपटलेलं नसतं. फक्त एकाला सवलती कळतात आणि दुसऱ्याला अटी. अशा तपासण्यांमध्ये जिथे ठोस फरक दिसला, तिथे कार्यालयाने तक्रारदाराची वाट न पाहता स्वतःच मालकांवर कारवाई सुरू केली.

2016 मध्ये कौन्सिल आणखी पुढे गेली. नियम असा: घरमालकाने आपल्या अटी आधीच लिहून जाहीर करायच्या आणि त्या पूर्ण करणारा जो पहिला अर्जदार येईल, त्याला घर द्यायचं. ‘माणूस बरा वाटला’ म्हणून निवड करण्याची मुभाच काढून घेतली, कारण नकळत होणारा भेदभाव तिथेच लपलेला असतो. छोटे घरमालक न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयाने नियम रद्द केला, पण 2019 मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला.

याहून मूलगामी बदल मात्र महापालिकेच्या स्वतःच्या दारात घडला. 2004 मध्ये महापौर ग्रेग निकल्स यांच्या काळात सिएटलने वांशिक आणि सामाजिक न्यायाचा एक उपक्रम सुरू केला. एखाद्या शहराने आपल्या प्रत्येक खात्याच्या कारभाराकडे या नजरेने पाहण्याचा अमेरिकेतला हा पहिला मोठा प्रयत्न मानला जातो. खाजगी मालक भेदभाव करतात का, हा प्रश्न जुना होता. नवा प्रश्न असा होता की पाणी, वीज, रस्ते, ठेके आणि नोकऱ्या देताना महापालिका स्वतः काय करते?

रस्त्यावरच्या दिव्यांचं उदाहरण या उपक्रमाच्या संदर्भात नेहमी दिलं जातं आणि ते खरोखर समजून घेण्यासारखं आहे. सिएटलची वीज कंपनी शहराच्या मालकीची आहे. रस्त्यावरचा दिवा गेला की नागरिकाने फोन करायचा, मग कर्मचारी येऊन तो बदलणार, अशी पद्धत होती. फोन कोणाचाही येवो, दिवा बदलला जाई. रंग, वंश, धर्म कुठेच विचारला जात नव्हता. वरवर पाहता याहून निःपक्षपाती व्यवस्था कुठली असणार? पण बंद दिव्यांची मोजदाद झाली तेव्हा दिसलं की सर्वांत जास्त अंधार गरीब आणि बिगरगोऱ्या वस्त्यांमध्ये आहे. फोन येत होते ते सुस्थितीतल्या गोऱ्या वस्त्यांमधून. ज्याला इंग्रजी नीट येत नाही, जो दोन-दोन नोकऱ्या करून रात्री घरी येतो, ज्याला सरकारी कार्यालयाचा अनुभव वाईटच आलेला आहे, तो फोन करत नव्हता. कंपनीने पद्धत बदलली. दिवे ठरलेल्या वेळापत्रकाने बदलायला सुरुवात केली.

या एका उदाहरणात सगळं आहे. कोणाच्याही मनात द्वेष नव्हता, कोणी नियम मोडला नव्हता, तरीही अंधार कोणाच्या वाट्याला आला हे ठरलेलं होतं. जी व्यवस्था तक्रारीची वाट पाहते, ती तक्रार करू शकणाऱ्यांचीच होऊन बसते.

म्हणून उपक्रमाने खात्यांना एक प्रश्नावली दिली. नवी योजना, नवं अंदाजपत्रक किंवा नवा नियम आणण्यापूर्वी लिहून काढा: याचा फायदा कोणाला? भार कोणावर? ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना विचारलं का? नुकसान होणार असेल तर ते कमी कसं करणार? नंतर तपासणार कसं? सरकारी पत्रकं अनेक भाषांमध्ये काढणं, दुभाषे पुरवणं, शहराच्या खरेदीत बिगरगोऱ्यांच्या आणि महिलांच्या व्यवसायांना वाव देणं, ही कामं यातून उभी राहिली. सिएटलचा हा अनुभव पाहून 2014 मध्ये अमेरिकेतल्या स्थानिक सरकारांचं एक जाळंच तयार झालं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. राज्याच्या मतदारांनी 1998 मध्येच सरकारी नोकऱ्या, ठेके आणि शिक्षणात वंशाच्या आधारे प्राधान्य द्यायला बंदी घातली होती, त्यामुळे महापालिकेचे हात बांधलेले होते. कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणावरून वाद झाले, एका माजी कर्मचाऱ्याने शहरावर खटलाही भरला. प्रश्नावली भरणं हा कित्येकदा कागदी सोपस्कार झाला, अशी टीका उपक्रमाच्या बाजूच्या लोकांनीच केली. आणि सर्वांत बोचरी गोष्ट सेंट्रल डिस्ट्रिक्टची. 1970 च्या सुमारास तिथे जवळपास तीन चतुर्थांश रहिवासी कृष्णवर्णीय होते. आता ते पाचव्या हिश्श्याहूनही कमी आहेत. त्यांना कोणी हाकललं नाही. शहरात सॉफ्टवेअरचा पैसा आला, घरांच्या किमती आणि मालमत्ता कर चढत गेले. ज्या पिढीला कर्ज नाकारलं गेलं तिच्याकडे पुढच्या पिढीला द्यायला मालमत्ता नव्हती. 1968 च्या कायद्याने दार उघडलं होतं, पण आत जाण्याइतके पैसे ज्यांच्याकडे साठू दिले गेले नाहीत, त्यांना त्या दाराचा उपयोग किती? हे ओळखून 2023 मध्ये वॉशिंग्टन राज्याने एक कायदा केला. मालमत्तेचे कागद नोंदवतानाच्या शुल्कातून निधी उभारायचा आणि त्या जुन्या वांशिक अटींची झळ बसलेल्या कुटुंबांना, त्यांच्या वारसांना, पहिलं घर घ्यायला मदत करायची. उशीर झाला खरा, तरी नुकसानीचा हिशोब नुकसान झालं तिथेच मांडण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न आहे.

त्याच वर्षी सिएटलच्या कौन्सिलसमोर असा एक विषय आला, ज्याने मराठी माणसाचे कान टवकारले.

21 फेब्रुवारी 2023 रोजी सिएटलने भेदभावबंदीच्या यादीत ‘जात’ हा शब्द घातला. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. प्रस्ताव मांडणाऱ्या कौन्सिल सदस्य क्षमा सावंत पुण्यात जन्मल्या, मुंबईत वाढल्या आणि पदवीपर्यंत तिथेच शिकल्या. सहा विरुद्ध एक मतांनी प्रस्ताव मंजूर झाला. आदल्या रात्रीपासून कार्यकर्ते सिटी हॉलबाहेर जमले होते, बोलण्यासाठी शंभराहून अधिक जणांनी नावं दिली होती. निकाल लागला तेव्हा सभागृहात ‘जय भीम’चा घोष झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले होते आणि 1916 मध्ये तिथेच त्यांनी जातींच्या उगमावर आपला निबंध वाचला होता. त्या गोष्टीला शंभराहून अधिक वर्षं उलटल्यावर अमेरिकेतल्या एका महापालिकेने त्यांच्या प्रश्नाची कायद्यात नोंद घेतली.

प्रस्तावाला विरोधही भारतीयांनीच केला. वंशपरंपरा आणि मूळ देश या आधारावर भेदभावाला आधीपासून बंदी आहे, मग वेगळा शब्द कशाला, असं विरोधकांचं म्हणणं होतं. यामुळे सगळ्याच भारतीयांकडे, विशेषतः हिंदूंकडे संशयाने पाहिलं जाईल, अशीही भीती त्यांनी बोलून दाखवली. अमेरिकेतल्या भारतीयांमध्ये जातिभेद नेमका किती, यावर पाहण्यांचे आकडेही जुळत नाहीत. इक्वॅलिटी लॅब्ज या दलित हक्क संघटनेच्या पाहणीत 67 टक्के दलितांनी कामाच्या ठिकाणी जातीवरून वाईट वागणूक मिळाल्याचं सांगितलं. कार्नेगी संस्थेच्या पाहणीत सर्व जातींच्या भारतीयांना विचारलं तेव्हा जातिभेदाचा अनुभव सांगणारे पाच टक्क्यांच्या आसपास निघाले. दोन्ही पाहण्यांनी वेगवेगळ्या लोकांना विचारलं होतं, हे लक्षात घेतलं की विसंगती बरीच कमी होते. ज्याला ठेच लागते त्यालाच दगड दिसतो.

शिवाय इथे तक्रार न येण्याचं कारण फार खोल आहे. ऑफिसात नवा माणूस आला की आधी आडनाव विचारायचं, त्यावरून अंदाज येईना तर मूळ गाव, मग घरी मांसाहार चालतो का, ही चौकशी आपल्याला चांगली ठाऊक आहे. जानवं आहे का हे पाठीवर थाप मारून पाहिलं गेल्याचे अनुभवही अमेरिकेतल्या दलित अभियंत्यांनी सांगितले आहेत. या माणसाने तक्रार करायची म्हणजे जी ओळख त्याने वर्षानुवर्षं लपवली ती स्वतःच्या हाताने उघड करायची. व्हिसा कंपनीच्या हातात, वरिष्ठ आपल्याच देशातला. रस्त्यावरच्या दिव्यासाठी फोन न करणाऱ्यापेक्षा याची अडचण कितीतरी मोठी आहे. ‘वंशपरंपरा’ या शब्दात जात येतेच, असं म्हणणाऱ्यांनी याचा विचार करायला हवा. गोऱ्या अमेरिकी मनुष्यबळ अधिकाऱ्याला त्या शब्दात आडनावाची चौकशी दिसणार नाही. ‘जात’ असं स्वच्छ लिहिलं तर निदान तो विचारेल. आणि कायद्यात कुठल्याही धर्माचं नाव नाही, तो जात मानणाऱ्या कोणालाही सारखाच लागू आहे.

त्यानंतर सप्टेंबर 2023 मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो शहराने असाच निर्णय घेतला. ऑक्टोबरमध्ये मात्र कॅलिफोर्निया राज्याचं जातिभेदविरोधी विधेयक गव्हर्नर न्यूसम यांनी नकाराधिकार वापरून परत पाठवलं. सध्याचे कायदे पुरेसे आहेत, असं त्यांनी कारण दिलं. सिएटलच्या कायद्याला आव्हान देणारा खटला 2024 मध्ये न्यायालयाने काढून टाकला.

भारताकडे वळून पाहिलं तर घरांच्या बाबतीत आपण अजून सिएटलच्या 1968 लाही पोहोचलेलो नाही. संविधानाच्या कलम 15 ने दुकानं, हॉटेलं, विहिरी सर्वांना खुल्या केल्या, कलम 17 ने अस्पृश्यता संपवली. पण खाजगी मालकाने जात, धर्म विचारून घर नाकारलं तर त्याला थेट अडवणारा सर्वसाधारण कायदा नाही. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, सभासदत्व फक्त पारशांना देण्याचा उपनियम वैध ठरवला. मुंबई-पुण्यात भाड्याचं घर शोधणाऱ्या कोणत्याही मुसलमान किंवा दलित तरुणाला विचारा, दलाल पहिला प्रश्न कोणता करतो ते तो सांगेल. सिएटलमधल्यासारखी दोन माणसं पाठवून ही तपासणी आपल्या महापालिकाही करू शकतील. त्याला इच्छेखेरीज फारसं काही लागत नाही.

ज्यांची मुलं-बाळं सिएटलला नोकरीला आहेत, त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. जातीबाबतचा हा कायदा सिएटल शहराच्या हद्दीपुरता आहे. ॲमेझॉनचं मुख्यालय त्या हद्दीत येतं, मायक्रोसॉफ्टचं रेडमंडला आहे, ते येत नाही. हद्दीतल्या कार्यालयात जातीवरून डावललं गेलं तर तक्रार सिएटलच्या नागरी हक्क कार्यालयाकडे करायची. त्यासाठी पैसे पडत नाहीत, वकील लागत नाही, दुभाषा मागितला तर मिळतो, आणि तक्रार केली म्हणून मालकाने सूड उगवला तर तोही स्वतंत्र कायदाभंग धरला जातो.